माग का थांबला?

दोस्तांनो, तुमच्या घरात एखादी सोलापुरी चादर नक्की असेल. नसली तर शेजारी असेल! ती जरा उलटसुलट करून बघा. वरच्या बाजूला निळ्या रंगावर पांढरा मोर असेल, तर खालच्या बाजूला बरोब्बर तोच मोर निळा आणि त्याच्याभोवती सगळं पांढरं. चादर एकच, पण तिच्या दोन्ही बाजू सुलट्या. ही गंमत कशी होते ते डोळ्यांनी बघावं, म्हणून मी सोलापूरला गेलो होतो. मोर बघितला, नाही असं नाही. पण दिवसाचा बराचसा वेळ गेला तो दोन वायरींच्या मागे. त्यांचीच गोष्ट आज तुम्हांला सांगणार आहे.

मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसलं, की सकाळी सोलापूर येतं. उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळचे नऊ वाजले नाहीत तोच ऊन चटके देऊ लागलं. स्टेशनवरून रिक्षा केली ती शहराच्या पूर्व भागात जायला. रिक्षावाला माझ्याशी मराठीत बोलला, चौकातल्या मित्राशी तेलुगूत आणि मध्येच आडव्या आलेल्या सायकलवाल्याशी कन्नडमध्ये. (शेवटचं मला कळलं नाही, पण ते काही कौतुक नसावं!) तेलंगणातून कित्येक पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची या भागात मोठी वस्ती आहे. इथल्या गल्लीत शिरलं की कारखाना आधी दिसत नाही, ऐकू येतो. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. एका घरातून, मग समोरच्या घरातून, मग सगळीकडूनच.

सोलापूरचं हे वेड जुनं आहे. १८७७ साली इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही गिरणी निघाली. लोक तिला 'जुनी मिल' म्हणतात. त्या काळच्या गिरण्यांत वायर नावाची वस्तू नसायची. एक मोठं वाफेचं इंजिन असायचं. ते एक लांबच लांब लोखंडी दांडा फिरवायचं. हा दांडा छताखालून गिरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला असायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक यंत्राकडे एकेक चामड्याचा पट्टा खाली उतरायचा. आज प्रत्येक मागाला स्वतःची मोटर असते आणि तिला ताकद पोचते ती बोटाएवढ्या जाड केबलमधून. म्हणजे पट्ट्याचं काम केबलनं घेतलं. फरक एवढाच, की पट्टा सैल झाला की फडफडतो, सगळ्यांना दिसतो. वायर सैल झाली तर ती गप्प बसते.

मी ज्या कारखान्यात गेलो तिथे दोन रांगांत माग उभे होते. एका मागावर चादर विणली जात होती. मोर पायांपासून मानेपर्यंत तयार झाला होता, फक्त डोकं आणि तुरा राहिला होता. मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेलं होतं. कोणता धागा केव्हा वर उचलायचा हे जेकार्डला भोकं पाडलेले पुठ्ठे सांगतात. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जेकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती आणली. नव्या, महागड्या मागांवर पुठ्ठे नसतात. तिथे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असतं. त्यात २६८८ हूक असले, तर प्रत्येक हुकाला वेगळा हुकूम पोचवावा लागतो. मागाच्या माथ्यावर किती वायरी आणि किती जोडण्या असतील, विचार करा!

आमचा माग मात्र साधा होता. मी कॅमेरा सरसावला आणि तेवढ्यात तो खट्टकन थांबला.

माग चालवणारे मामा पुढे झाले. माग आपोआप थांबण्यामागे एक छान युक्ती असते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पत्ती लोंबकळत ठेवलेली असते. धागा ताठ आहे तोवर पत्ती वर उचललेली राहते. धागा तुटला की पत्ती खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते, विजेचं मंडल पुरं होतं आणि माग थांबतो. म्हणजे हजारो धाग्यांवर हजारो पहारेकरी! मामांनी सगळ्या पत्त्यांवरून बोटं फिरवली. एकही पत्ती पडलेली नव्हती. एकही धागा तुटलेला नव्हता.

माग सुरू केला. दहा-बारा धागे विणले आणि पुन्हा थांबला. मग पुन्हा. मामांचा चेहरा उतरला. इथे मजुरी मिळते ती विणलेल्या मालावर. माग उभा राहिला की मजुरीही उभी राहते.

"मिस्त्रींना बोलवा," मालक म्हणाले.

मिस्त्री म्हणजे वायरमन. स्कूटरला लटकवलेली पिशवी घेऊन ते आले. त्यांनी आल्या आल्या पक्कड काढली नाही. आधी मागाचा मेन स्विच बंद केला, फ्यूज उपसले आणि चक्क स्वतःच्या खिशात टाकले. मी विचारलं, "हे कशाला?"

"मी मागच्या बाजूला वाकलेलो असताना कुणी येऊन स्विच टाकला तर? फ्यूज माझ्या खिशात, म्हणजे माझा जीव माझ्या खिशात!" मग टेस्टर लावून वीज खरोखर गेली आहे ना, हे त्यांनी बघितलं आणि मगच हात घातला.

पत्त्यांच्या पट्टीपासून एक बारीक वायर मागाच्या सांगाड्यावरून जाऊन कंट्रोलच्या पेटीत शिरत होती. मिस्त्री ती वायर बोटांनी चाचपत निघाले. मध्यावर थांबले नाहीत. सरळ पेटीपाशी गेले, जिथे वायर आत वळते तिथे.

"वायर मधेच कधी तुटत नाही, सर. शेवटाला तुटते, नाहीतर वाकणात."

आणि खरंच! पेटीच्या पत्र्याला नुसतंच भोक पाडून वायर आत घातलेली होती. भोकाची कड धारदार. त्या जागी ग्लँड बसवायला हवा होता. ग्लँड म्हणजे आटे असलेली एक बुची. ती वायरीला चारी बाजूंनी घट्ट धरते आणि पत्र्याला घासू देत नाही. किंमत म्हणाल तर वडापावाच्या आसपास. तो नसल्यामुळे वायरीचं वरचं आवरण घासून गेलं होतं आणि आतलं तांबं चकाकत होतं. माग हलला की तांबं पत्र्याला टेकायचं. मंडल पुरं व्हायचं. मागाला वाटायचं, पत्ती पडली, धागा तुटला! बिचारा प्रामाणिकपणे थांबायचा.

आता एक हिशेब करा. साधा माग मिनिटाला शंभराहून जास्त धागे टाकतो. १२० धरू. प्रत्येक धाग्यामागे एक हादरा. तासाला ७,२०० आणि आठ तासांच्या पाळीत ५७,६०० हादरे! घरातल्या पंख्याच्या वायरीला असलं काही सोसावं लागत नाही. म्हणून घरात चालते ती वायर मागावर चालत नाही. जी वायर हलणार आहे तिच्या आत एकच जाड तार असून भागत नाही, केसासारख्या बारीक तारांचा जुडगा लागतो. एक जाड तार चार-सहा वेळा इकडेतिकडे वाकवलीत की तुटते. बारीक तारांचा जुडगा मात्र पुष्कळ सोसतो. आणि कितीही चांगला जुडगा असला, तरी त्याला काटकोनात मुडपायचं नाही, ऐसपैस वळण द्यायचं.

मिस्त्रींनी वायर बदलली, भोकात ग्लँड कसला. मला वाटलं, झालं काम. मोराचं डोकं आता विणलं जाणार! पण मिस्त्री नाक वर करून हुंगत होते.

"वास येतोय का बघा."

मला आधी कापसाचा आणि तेलाचाच वास आला. मग हळूच आणखी एक, जळक्या मासळीसारखा. तुम्हांला हा वास कधी घरात, मासळी शिजत नसताना आला, तर लगेच मोठ्या माणसांना सांगा बरं का! विजेच्या जोडणीतलं प्लॅस्टिक तापलं की कधीकधी असाच वास सुटतो.

मिस्त्रींनी शेजारच्या स्टार्टरचं झाकण उघडलं. हा स्टार्टर मोटरला वीज देतो. आत तीन वायरी तीन स्क्रूंखाली दाबलेल्या होत्या: लाल, पिवळी, निळी. दोन ठीक होत्या. तिसरीचं टोक तपकिरी पडलं होतं, तिच्याखालचं प्लॅस्टिक फुगलं होतं. आणि या सगळ्यावर कापसाची पांढरी लव म्हाताऱ्याच्या दाढीसारखी साचली होती.

"हितं बघा. किती दिवसांपासून गरम व्हायलंय कोण जाणे," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

मंडळी, या ठिकाणी मी जरा गोंधळलो. ज्या दोषानं आमचा माग सकाळपासून अडवून धरला होता, तो होता अगदी थोड्या दाबाच्या विजेचा. त्यातून चटकासुद्धा बसला नसता. आणि हा दुसरा दोष मागाला एकदाही थांबवत नव्हता. माग झकास चालत होता! त्या फुसक्या वायरीनं रडगाणं लावलं नसतं, तर मिस्त्री आले नसते आणि हे झाकण कुणी उघडलं नसतं.

स्क्रू सैल झाला की नेमकं काय होतं? वायर आणि स्क्रू यांचा स्पर्श नीट होत नाही. विजेला चिंचोळ्या वाटेतून घुसावं लागतं, म्हणजेच रोध वाढतो. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही शिकता, की उष्णता ही विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध या प्रमाणात निघते. समजा १० अँपिअर धारा आहे आणि सैल जोडणीचा रोध अवघा अर्धा ओहम. १० गुणिले १० गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॅट. हे तर सोल्डरिंग करायच्या चांगल्या तापलेल्या इस्त्रीइतकं झालं, आणि तेही कापसाच्या लवेत पुरलेलं. तापलं की धातू फुगतो, थंड झाला की आकसतो, स्क्रू आणखी सैल होतो, आणखी तापतो. फ्यूज मात्र उडत नाही, कारण धारा वाढलेलीच नसते. त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल!

१८ मे २०२५ ची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्यांपैकी ८ माणसं गेली. त्यांत एक तान्हं मूलही होतं. शॉर्टसर्किट झालं असावं, असा पहिला अंदाज तेव्हाच्या बातम्यांत होता. त्या आगीचं कारण काय ते तपास करणारे सांगतील. पण सूत, टॉवेल आणि लव यांनी भरलेल्या जागेत एक ठिणगी काय करू शकते आणि तिथे माणसं झोपत असतील तर काय होतं, हे शहरानं बघितलं. स्टार्टरचं झाकण उघडल्यावर मिस्त्री गप्प का झाले, हे मला त्यामुळेच कळलं.

मालकांनाही कळलं. "आजच सगळ्या पेट्या बघून घ्या," ते म्हणाले. पुढचा तास मी मिस्त्रींबरोबर विजेच्या सामानाच्या दुकानात काढला. चादरीच्या दुकानापेक्षा मला तिथे जास्त मजा आली, खोटं कशाला सांगू!

तुम्हांला वाटेल, वायर घ्यायची म्हणजे लांबी सांगायची. मिस्त्रींनी लांबी सगळ्यात शेवटी सांगितली. आधी जाडी. वायरमन लोक 'दीडची', 'अडीचची', 'चारची' असं म्हणतात. म्हणजे आतल्या धातूच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ तितके चौरस मिलिमीटर. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते, तेही ध्यानात ठेवायचं. आणि इथेच सोलापूरचं ऊन मध्ये येतं! केबलच्या कोष्टकात जे अँपिअर छापलेले असतात, ते भोवतालची हवा ४० अंश आहे असं धरून. साध्या पीव्हीसीच्या केबलमध्ये आतली तार ७० अंशांपर्यंत तापलेली चालते. मग पत्र्याच्या छपराखाली, दुपारी, हवाच ५० अंशांवर गेली तर? केबलला तापायला वाव उरतो तो ३० अंशांऐवजी २० च अंशांचा. अशा वेळी तिच्यावर भार सुमारे पाचव्या हिश्शानं कमी टाकावा लागतो, नाहीतर एक नंबर जाड केबल घ्यावी लागते. महाबळेश्वरला चालणारी केबल सोलापूरला चालेलच असं नाही. ही भूगोलाची परीक्षा आहे की विजेची, सांगा पाहू!

मग त्यांनी आवरण निवडलं: आग लागली तरी ज्वाला सहज न पसरवणारं आणि धूर कमी करणारं. साधं पीव्हीसी जळलं की दाट काळा धूर आणि झोंबणारा वायू निघतो. आगीत माणसं पुष्कळदा ज्वाळांपेक्षा धुरानं जातात. त्यानंतर थिंबलांची पुडी. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला घालायची धातूची टोपी. खास पक्कडीनं ती दाबली, की बारीक तारांचा जुडगा आणि टोपी एकजीव होतात आणि मग ती टोपी स्क्रूखाली बसते. नुसत्या तारा पिळून स्क्रूखाली कोंबल्या, की काही तारा बाहेर राहतात, काही तुटतात, आणि ५७,६०० हादऱ्यांत उरलेल्या सैल होतात. पेट्याही नव्या घेतल्या. त्यांच्यावर 'आयपी ५५' असं लिहिलं होतं. पहिला ५ धुळीबद्दल, दुसरा ५ पाण्याच्या फवाऱ्याबद्दल. मागाच्या शेडमध्ये दोन्ही असतात: लव तर आहेच, शिवाय सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात.

परत आल्यावर मिस्त्रींनी मला एक प्लग दाखवला. तुमच्या घरातल्या इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग आठवा. त्यातली एक पिन लांब आणि जाड असते, ती अर्थिंगची. लांब का? म्हणजे प्लग घालताना ती सगळ्यांत आधी टेकते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. वीज यायच्या आधी रक्षण हजर! कारखान्यातल्या मोठ्या जोडण्यांनाही हाच नियम असतो. आणखी एक नियम तर अगदी सोपा आहे, पण मला आजवर सुचला नव्हता: ज्या बाजूनं वीज येते त्या बाजूला नेहमी भोकं असतात, पिना कधीच नाहीत. जोडणी सुटली तर जिवंत पिना उघड्या पडू नयेत म्हणून. शिवाय प्रत्येक जोडणीला एक खाच असते, म्हणजे ती उलटी बसतच नाही.

उलटी बसली तर? तीन फेजपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली, की मोटर उलटी फिरते. म्हणून लाल, पिवळी, निळी हा क्रम पाळायचा आणि प्रत्येक टोकावर नंबराची छोटी कडी चढवायची. मिस्त्री कड्या चढवत असताना मला सोलापूरचीच एक मोठी जोडणी आठवली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन सुरू झाली. तोवर दक्षिण भारताचं विजेचं जाळं वेगळ्याच ठेक्यावर चालत होतं. वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, पण दक्षिणेची ५० आणि बाकीच्या देशाची ५० यांची पावलं एकमेकांत पडत नसत. या लाइनमुळे ती एका ठेक्यात आली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच जाळं झालं. तिथेही कुठला फेज कुठे, क्रम कोणता आणि ठेका जुळला का, हे बघूनच जोडावं लागतं. मागाच्या स्टार्टरवर जे, तेच तिथे. फक्त कुठे ४१५ व्होल्ट आणि कुठे ७,६५,०००!

संध्याकाळ झाली. ऊन उतरलं. मिस्त्रींनी प्रत्येक स्क्रू कसला आणि खिशातून लाल रंगाची बारकी बाटली काढली. तुम्हांला वाटेल, आता हे काय? त्यांनी काडीनं प्रत्येक स्क्रूवर एक बारीक रेघ ओढली. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी खालच्या पट्टीवर.

"पुढच्या महिन्यात झाकण उघडायचं आणि नुसतं बघायचं. रेघ सरळ असली तर स्क्रू जागेवर आहे. रेघ मोडलेली दिसली, की समजायचं तो फिरला. पाना लावायचीसुद्धा गरज नाही."

मग मामांना म्हणाले, "मामा, दर शनिवारी लव काढायची. पण आधी मेन बंद, हां!"

खिशातले फ्यूज जागेवर गेले. स्विच पडला. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. मी मोरासमोर उभा राहिलो. आधी चोच आली, मग डोळा, मग तुरा. मामांनी मला हाक मारली आणि कापडावर बोट ठेवलं. मोराच्या मानेवर आडवी, केसाएवढी रेघ दिसत होती. माग थांबून पुन्हा सुरू झाला की कापडात अशी रेघ उमटते. विणकर ती लगेच ओळखतो, गिऱ्हाईक बहुधा नाही. अशा तीन रेघा होत्या, सकाळच्या तीन थांब्यांच्या.

"ही सेकंडमध्ये जाणार," मालक म्हणाले. म्हणजे स्वस्तात.

मी ती चादर तिथेच मागून घेतली. मामांनी कडा कापून, घडी घालून दिली. रात्री परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर तीच पांघरली होती.